एका यंत्रांत दोन कारभारी

ता. 14 ऑक्टोबर 2025 रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज 10 या ऑपरेटिंग सिस्टिमचा नेहमींचा विनामूल्य आधार थांबविला. त्या दिवशीं कोणाचेंही यंत्र बंद पडलें नाहीं; दुसऱ्या दिवशीं बटण दाबतांच तें नित्याप्रमाणें सुरू झालें. परंतु त्या प्रणालींत पुढें जे दोष सांपडतील ते बुजविण्याचें काम, थोड्या मुदतीची जादा सवलत वगळतां, तेथें संपलें. विंडोज 11 ही नवी आवृत्ति ऑक्टोबर 2021 मध्येंच निघालेली होती. पण तिच्या अटी कडक आहेत. यंत्रांत टीपीएम 2.0 नांवाची सुरक्षेची योजना पाहिजे, मेमरी निदान 4 जीबी व डिस्क निदान 64 जीबी पाहिजे, आणि प्रोसेसर कंपनीनें मान्य केलेल्या यादींतील पाहिजे. या शेवटच्या अटीमुळें 2017 पूर्वींचीं बहुतेक यंत्रें, पडदा स्वच्छ व कीबोर्ड शाबूत असतांही, दाराबाहेर राहतात.

पालक आम्हांस विचारतात, कीं असें यंत्र भंगारवाल्यास द्यावें काय? आमचें उत्तर असें, कीं देण्यापूर्वीं त्यास दुसरा कारभारी देऊन पाहावा. पहिल्या कारभाऱ्यास न काढतां दुसरा नेमतां येतो, व कोणाच्या हातीं कारभार द्यावा हें प्रत्येक वेळीं धन्यानें ठरवावें अशी व्यवस्था करितां येते. ती कशी होते, कां होते, व कोठें चुकते, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

कारभारी म्हणजे कोण

संगणकांत प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा, कीबोर्ड इत्यादि अवयव असतात. पण त्यांस एकमेकांची ओळख नसते. पत्र लिहावयाचा प्रोग्रॅम डिस्कवर कोणत्या जागीं लिहावें हें जाणत नाहीं, व चित्र दाखविणारा प्रोग्रॅम पडद्याशीं स्वतः बोलत नाहीं. या सर्वांमध्यें उभें राहून प्रत्येकास त्याचा वांटा, त्याची जागा व त्याची पाळी नेमून देणारा जो मुख्य प्रोग्रॅम, तीच ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. विंडोज ही अशी एक सिस्टिम होय. लिनक्सच्या कर्नलवर उभारलेल्या डेबियन, उबंटू, लिनक्स मिंट, फेडोरा या दुसऱ्या होत.

दोन धन्यांविषयींचा शुभवर्तमानांतील उपदेश आमच्या वाचकांस ठाऊक आहे. यंत्रासही तो लागू पडतो. डिस्कवर दोन सिस्टिमा शेजारीं शेजारीं नांदूं शकतात; पण एका वेळीं यंत्राचा कारभार त्यांपैकीं एकीच्याच हातीं असतो. दुसरी हवी असल्यास पहिली रीतसर बंद करून यंत्र पुन्हां सुरू करावें लागतें. एका सिस्टिमच्या पोटांत दुसरी पाहुण्यासारखी चालविण्याची युक्ति निराळी आहे. तिला मेमरी फार लागते, म्हणून जुन्या यंत्रास ती मानवत नाहीं.

दुसरा कारभारी कोठून आला

इ. स. 1983 मध्यें अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू नांवाचा संकल्प जाहीर केला. ज्या सिस्टिमची रचना कोणासही वाचतां यावी, बदलतां यावी व शेजाऱ्यास देतां यावी अशी सिस्टिम तयार करावयाची, हा त्यांचा हेतु होता. तिचे पुष्कळ अवयव तयार झाले, पण गाभा अपुरा राहिला. 1991 मध्यें फिनलंड देशांतील हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉर्वाल्ड्स यानें आपल्या घरच्या यंत्रावर एक नवा गाभा लिहिण्यास घेतला, तोच लिनक्स.

या कथेंतील एक गोष्ट आमच्या विषयास फार जवळची आहे. टॉर्वाल्ड्सच्या यंत्रावर प्राध्यापक टॅनेनबॉम यांची मिनिक्स ही सिस्टिम होती, व तिच्याच आधारें तो आपला नवा गाभा घडवीत होता. एके दिवशीं टेलिफोनचा क्रमांक फिरविण्यासाठीं मोडेमकडे धाडावयाच्या आज्ञा चुकून डिस्कवर लिहिल्या गेल्या, आणि मिनिक्सचा भाग नासला. मिनिक्स पुन्हां बसविण्याऐवजीं त्यानें आपल्या नव्या गाभ्यावरच राहण्याचें ठरविलें. त्याच्या बाबतींत या चुकीचें भलें झालें. सर्वांच्या बाबतींत तसें होत नाहीं, हें पुढें दिसेलच.

1993 मध्यें डेबियन व 2004 मध्यें उबंटू या सिस्टिमा निघाल्या. पुणें येथें 1988 मध्यें स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें डेबियनच्या पायावर बॉस नांवाची भारतीय सिस्टिम रचली आहे. या सर्व सिस्टिमा विनामूल्य मिळतात, व त्या घेणें ही चोरी नव्हे. बाजारांतून पन्नास रुपयांस आणलेली विंडोजची बनावट प्रत व लिनक्सची विनामूल्य प्रत यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

डिस्क म्हणजे वाडा

डिस्क हा एक वाडा समजा. त्यांत भिंती घालून खोल्या केलेल्या असतात. प्रत्येक खोलीस पार्टिशन म्हणतात. कोणती खोली कोठें सुरू होते व कोठें संपते याचें कोष्टक डिस्कच्या आरंभीं लिहिलेलें असतें. जुन्या पद्धतीच्या कोष्टकांत मुख्य खोल्या चारच मावत. हल्लींच्या जीपीटी पद्धतींत सामान्यतः 128 मावतात. त्यांत एक लहानशी खोली देवडीसारखी असते. तिला ईएफआय पार्टिशन म्हणतात. बटण दाबल्यावर यंत्राच्या अंगींच असलेला यूईएफआय नांवाचा पहारेकरी जागा होतो, अवयवांची हजेरी घेतो, व या देवडींत येऊन कोणत्या कारभाऱ्यास हांक मारावयाची तें पाहतो. विंडोज आपला भालदार तेथें ठेवते व लिनक्स आपला ठेवतें. लिनक्सच्या भालदाराचें नांव बहुधा ग्रब असतें. तो शिष्टाचारी आहे. दोन्ही नांवांची यादी पडद्यावर मांडून कांहीं सेकंद धन्याच्या आज्ञेची वाट पाहतो.

यावरून दुसरी सिस्टिम बसविण्याचें काम म्हणजे तीनच गोष्टी, हें कळेल. वाड्यांत एक खोली रिकामी करावयाची. तींत नव्या कारभाऱ्याचें बिऱ्हाड मांडावयाचें. आणि देवडींत त्याचें नांव लावावयाचें.

आरंभापूर्वीं

बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असा एक दृष्टांत आहे. या कामांत हिशेबाच्या बाबी पुढीलप्रमाणें.

पहिली व सर्वांत थोर बाब बॅकअपची. यंत्रांत जें कांहीं पुन्हां मिळण्यासारखें नाहीं, तें सर्व दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावें, ती डिस्क यंत्रापासून सोडवून बाजूस ठेवावी, आणि उतरलेल्या फाईलींपैकीं चार-दोन दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्या. न उघडून पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

दुसरी बाब कुलपाची. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत विंडोजची डिस्क बिटलॉकर या कुलपांत असते, व धन्यास तें ठाऊकही नसतें. सुरू होण्याच्या व्यवस्थेंत बदल झाला, कीं विंडोज त्याची 48 अंकी किल्ली मागते. ती किल्ली आधींच शोधून कागदावर लिहून ठेवावी.

तिसरी बाब विंडोजच्या फास्ट स्टार्टअपची. या सवयीमुळें विंडोज बंद केली असें दिसलें तरी ती पूर्ण बंद होत नाहीं. आपल्या गाभ्याची स्थिति डिस्कवर लिहून ती अर्धवट झोपी जाते. अशा वेळीं लिनक्सनें तिच्या खोलींत शिरून कांहीं हालविलें, तर जागी झाल्यावर तिचा हिशेब चुकतो व फाईली बिघडतात. म्हणून ही सवय आधीं बंद करावी.

चौथी बाब प्रतीची. लिनक्सची प्रत त्या त्या संस्थेच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावी. तिच्यासोबत एसएचए-256 नांवाची 64 अक्षरांची खूण दिलेली असते. आपल्या हातीं आलेल्या प्रतीची खूण काढून ती मूळ खुणेशीं ताडून पाहावी. प्रतींत एक अंश जरी बदलला असला तरी सारी खूण पालटते. मग रूफस किंवा तशा प्रोग्रॅमनें ती 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरावी. पेन ड्राइव्हवर पूर्वींचें जें असेल तें त्यामुळें पुसलें जातें, हेंही ध्यानांत असावें. यंत्राची मेमरी 4 जीबीच असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ति किंवा झुबंटू यांसारखी हलकी सिस्टिम निवडावी.

भिंत घालणें

भिंत सरकविण्याचें काम विंडोजमधूनच करावें. तिच्या खोलीची खडान् खडा माहिती तिलाच असते. डिस्क मॅनेजमेंट या ठिकाणीं जाऊन तिचा भाग आंखडून घेण्याची आज्ञा द्यावी.

येथें थोडें गणित करूं. दुकानांत 256 जीबी म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्यें सुमारें 238 जीबी दिसते. यांत कोणी फसविलेलें नसतें. दुकानदाराचा जीबी म्हणजे 1,00,00,00,000 बाइट. विंडोजचा जीबी म्हणजे 1024 चा घन, म्हणजे 1,07,37,41,824 बाइट. माप मोठें झालें, म्हणून मोजदाद लहान झाली. आतां 238 पैकीं 120 जीबी भरलेले आहेत असें धरूं. 118 मोकळे राहिले. त्यांतून लिनक्सला 50 दिले, तरी विंडोजला 68 हातचे राहतात. उबंटूस निदान 25 लागतात, तेव्हां 50 हे सुखाचे होत. विंडोज हा आंकडा एमबीमध्यें मागते. म्हणून 50 गुणिलें 1024, म्हणजे 51,200 असें लिहावें. मोकळी जागा पुष्कळ असूनही विंडोज थोडीच सोडावयास तयार झाली, तर तिच्या कांहीं न हालणाऱ्या फाईली मध्येंच बसल्या आहेत असें समजावें; बळजबरी करूं नये. सुटलेली जागा रिकामीच ठेवावी. तींत बिऱ्हाड मांडण्याचें काम लिनक्सचें आहे.

यानंतर लॅपटॉपास चार्जर लावून पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करावें. त्यासाठीं आरंभींच दाबावयाचें बटण कोठें एफ12, कोठें एफ9, तर कोठें एस्केप असतें. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू होतें, पण डिस्कला हात लावीत नाहीं. ही सोय फार मोलाची आहे. घाई न करतां वायफाय लागतें काय, आवाज येतो काय, पडद्याचा प्रकाश कमीजास्त होतो काय, हें तेथेंच पाहावें. एखादा अवयव चालत नसेल, तर यंत्र बंद करून पेन ड्राइव्ह काढावा. कांहींच बिघडलेलें नसतें.

एका बटणाची गोष्ट

सर्व ठीक दिसल्यास बसविण्याची आज्ञा द्यावी. भाषा, कीबोर्ड, वेळ असे साधे प्रश्न झाल्यावर एक प्रश्न येतो: विंडोजच्या शेजारीं बसवावयाचें, कीं सर्व डिस्क पुसून बसवावयाचें? दोन ओळी, एकाखालीं एक. सर्व लेखांत आम्हांस सांगावयाचें तें येथेंच आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं स्वतःच्या घरच्या यंत्रावर हें काम रात्रीं उशिरां आरंभिलें. पूर्वीं दोनतीन यंत्रांवर तें सुखरूप पार पडलें होतें. त्यामुळें हात धीट झाला होता. बॅकअप उद्यां घेऊं असें म्हटलें, आणि डोळ्यांत झोंप असतां दुसरी ओळ निवडली. यंत्रानें पुन्हां विचारलें. न वाचतांच होय म्हटलें. त्या डिस्कवर आमच्या मातोश्रींचा आवाज होता. जात्यावरच्या पंचवीसतीस ओंव्या त्यांनीं आजारपणांत म्हणून दाखविल्या होत्या, व त्या आम्हीं तेथें नोंदवून ठेविल्या होत्या. सकाळीं जाणत्या मित्राकडे यंत्र नेलें. त्यानें समजाविलें, कीं जुन्या फिरत्या डिस्कवर केवळ कोष्टक पुसलें जाई व खालचा मजकूर कांहीं काळ शिल्लक राही. पण हल्लींच्या एसएसडी डिस्कला सिस्टिम रिकाम्या जागेची वर्दी देते, आणि डिस्क त्या जागा आपण होऊन साफ करिते. ओंव्या परत मिळाल्या नाहींत. मातोश्री तेव्हां हयात नव्हत्या. त्या रात्रीं यंत्रानें कांहीं चूक केली नाहीं; त्यास सांगितलें तेंच त्यानें केलें.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचा आग्रह आहे, कीं हें काम दिवसा करावें, घरांतील वडील माणसास शेजारीं बसवून करावें, आणि या प्रश्नाशीं आल्यावर हात कीबोर्डावरून उचलून तो मोठ्यानें वाचावा. पडद्यावर डिस्कचा आंकडा व खोल्यांचें चित्र दिसतें. विंडोजची खोली जशीच्या तशी आहे, व आपण मोकळी केलेली 50 जीबीची जागाच लिनक्ससाठीं घेतली जात आहे, अशी खात्री झाल्यावरच पुढें जावें. संशय असल्यास मागें फिरावें; मागें फिरण्यास यंत्र हरकत घेत नाहीं.

काम झाल्यावर

पाऊण तासाच्या आंत काम बहुधा संपतें. यंत्र पुन्हां सुरू केल्यावर ग्रबची यादी दिसते. प्रथम लिनक्स व मग विंडोज, अशा दोन्ही सिस्टिमा उघडून पाहाव्या. पुढील तीन गोष्टींनीं नवशिका घाबरतो, म्हणून त्या सांगून ठेवितों.

घड्याळ साडेपांच तास मागें पडतें. यंत्रांतील घड्याळांत लिनक्स जागतिक वेळ ठेवतें, तर विंडोज त्याच घड्याळांतील वेळ स्थानिक मानते. सकाळीं दहा वाजतां जागतिक वेळ साडेचार असते. विंडोज तेच साडेचार दाखविते. लिनक्सच्या वेळेच्या व्यवस्थेंत यंत्राचें घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याची सोय आहे, ती करावी.

लिनक्समधून विंडोजच्या फाईली दिसतात. पण विंडोजमधून लिनक्सच्या दिसत नाहींत. लिनक्सच्या खोलींतील मांडणी बहुधा एक्स्ट4 पद्धतीची असते, व ती विंडोज आपण होऊन वाचीत नाहीं. विंडोज कधीं कधीं त्या खोलीस नवी समजून साफ करण्याविषयीं विचारते. त्यास होय म्हणूं नये.

विंडोजच्या एखाद्या मोठ्या सुधारणेनंतर यादी दिसेनाशी होते व यंत्र थेट विंडोजमध्यें जातें. बहुधा लिनक्स गेलेलें नसतें; देवडींतील नांवांचा क्रम मात्र बदललेला असतो. यूईएफआयच्या व्यवस्थेंत जाऊन तो पूर्ववत करावा. पेन ड्राइव्ह पुसूं नये; दुरुस्तीची वेळ आलीच, तर तोच उपयोगी पडतो.

आतां या श्रमाचें फळ काय? विंडोज 10 ला नेहमींच्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या, तरी इंटरनेटवर जाणें, पत्रें लिहिणें, अभ्यास करणें हीं कामें लिनक्सवर निर्धास्त करितां येतात. उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ति दर दोन वर्षांनीं निघते व तिला पांच वर्षें दुरुस्त्या मिळतात. लिबरऑफिसमध्यें निबंध व हिशेब लिहितां येतात. इनस्क्रिप्ट मराठी कीबोर्ड अंगभूतच असतो. एखादा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजवरच चालत असेल, तर त्यापुरती विंडोज शेजारीं आहेच. मात्र इंटरनेट बंद ठेवून ती वापरावी. ज्या यंत्रावर उद्यांची परीक्षा किंवा वडिलांची नोकरी अवलंबून आहे, अथवा जें यंत्र दुसऱ्याच्या मालकीचें आहे, त्यावर मात्र हा प्रयोग करूं नये.

पाठावरील प्रश्न

1. दुकानांत 512 जीबी म्हणून मिळणारी डिस्क विंडोजमध्यें किती जीबी दिसेल, तें गणित करून सांगा.

2. दुपारीं पावणेदोन वाजतां लिनक्स बंद करून विंडोज सुरू केली. घड्याळाची दुरुस्ती केलेली नाहीं. विंडोज किती वाजल्याचें दाखवील?

3. भिंत सरकविण्याचें काम विंडोजमधून व बिऱ्हाड मांडण्याचें काम लिनक्सकडून कां करवावें?

4. आपल्या घरच्या संगणकांत पुन्हां न मिळण्यासारखें काय काय आहे, तें आई, वडील व आजीआजोबा यांस विचारून त्याची यादी करा. पेन ड्राइव्हला हात लावण्यापूर्वीं ती यादी पुरी झालेली असावी.